अकरा चाळीस ते बारा अठरा

१

लाईट गेल्याची वेळ मी डायरीच्या डाव्या पानावर लिहितो आणि आल्याची उजव्या. सव्वीस वर्षं झाली. भूममध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. शाळा आठवीत सुटली, पण लिहायची सवय कामामुळं लागली. जळालेली मोटार घेऊन माणूस येतो आणि सांगतो, काही केलं नव्हतं, आपोआप जळाली. मी त्या दिवसाचं पान काढतो. लाईट कधी आली, दाब किती होता, हे पाहिलं की मोटार का जळाली ते बहुतेक वेळा कळतं. माणसापेक्षा पान बरं.

दुकानाला आणि घराला मिळून चार कॅमेरे आहेत. त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा मागच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीवर आहे. दर रविवारी मी डायरी आणि डबा ताडून पाहतो. लाईट गेली की कॅमेरे बंद पडतात, त्यामुळं डायरीत जेवढा वेळ लाईट नाही तेवढाच वेळ डब्यात रेकॉर्डिंग नाही. गेल्या वर्षभरात दोन्हींत कधी मिनिटाचा फरक पडला नव्हता.

तीन मार्चच्या पानावर लिहिलं होतं, लाईट गेली अकरा चाळीस, आली एक पाच.

डब्यात रेकॉर्डिंग अकरा चव्वेचाळीसला थांबत होतं.

चार मिनिटं जास्त होती. लाईट नसतानाची.

२

आधी घड्याळ तपासलं. डब्याचं घड्याळ मोबाईलशी सेकंदाला सेकंद जुळत होतं. मग अडॉप्टर उघडून पाहिला. त्यात थोडा दाब साठून राहतो, पण तो दोन-चार सेकंद. शेजारच्या लाइनीतून परतीचा करंट येतो का, तेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी लाईट जायची वाट पाहिली आणि सॉकेटला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. वायर मेलेली होती.

घरात इन्व्हर्टर नव्हता. का नव्हता ते पुढं लिहितो.

ती चार मिनिटं मी तीन वेळा पाहिली. इतर तीन कॅमेरे वेळेवर बंद पडले होते. जादा चित्र होतं ते फक्त मागच्या खोलीचं. रिकामी खोली, खिडकीतून आलेलं ऊन, फरशी. कोणी आत आलं नाही, काही हललं नाही. मशीनच आहे, बिघडायचंच, असं म्हणून मी डबा बंद करणार होतो.

चौथ्यांदा पाहताना लक्षात आलं की बाज आडवी आहे.

ती बाज गेल्या वर्षापासून मी भिंतीला उभी करून ठेवली आहे. मी उठून खोलीत गेलो. बाज उभीच होती. तिच्या पायांखालची धूळसुद्धा हललेली नव्हती.

३

ती खोली आक्काची.

आक्का म्हणजे कस्तुराबाई, माझी थोरली बहीण. नवऱ्याकडून परत आली ती कायमची. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. बावीस वर्षं तेरखेड्याला जाऊन तिनं फटाक्यांत दारू भरली. छाती आधीच अधू, त्यात ती भुकटी. शेवटची दोन वर्षं तिला ऑक्सिजनचं मशीन लागायचं. फुस्स करून थांबायचं, टक् वाजायचं, पुन्हा फुस्स.

आक्का विसरायची नाही. तेरखेड्यात एका मुकादमानं तिला चारचौघांत वाईट शब्द वापरला होता. ती काही बोलली नाही. सात वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, तोच मुकादम आमच्या दारावरून पायी चालला होता, जीव कासावीस झालेला. त्यानं पाणी मागितलं. आक्कानं हसून तांब्या पुढं केला. त्यानं तोंडाला लावला तर तो रिकामा होता. "आता जा," ती म्हणाली.

थांबायचं कसं, हे मी तिच्याकडून शिकलो.

गेल्या वर्षी सत्तावीस मार्चला मी तांब्याची तार आणायला बार्शीला गेलो होतो. अकरा चाळीसला लाईट गेली आणि बारा अठराला आली. शेजारच्या नागूबाईनं मला वेळा सांगितल्या, मी त्या लिहिल्या. अडतीस मिनिटं मशीन बंद होतं. मी आलो तेव्हा आक्का गार होती.

तेव्हा घरात इन्व्हर्टर होता आणि त्याची बॅटरी आठ महिन्यांची होती. बॅटरी दिली होती बलभीमनं. बलभीम माझा मावसभाऊ, स्टँडजवळ त्याचं बॅटरीचं दुकान. आक्काच्या मातीला मी त्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. दहाव्या दिवशी ती बॅटरी उपसली, हातगाड्यावर घातली आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर आदळली. बाजाराचा दिवस होता. लोकांसमोर सांगितलं, ह्यानं जुन्या बॅटरीला नवं लेबल लावून माझ्या बहिणीला मारली. त्यानं तिथंच बॅटरी तपासून दाखवली, चांगली आहे म्हणाला. कोणी ऐकलं नाही. पुढं वर्षभर माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी तेच सांगत आलो, आवाज न चढवता. बलभीमच्या दोन शटरांतलं एक दिवाळीच्या आधी बंद झालं. दुसरंही बंद पडायच्या वाटेला होतं.

मला वाईट वाटलं नाही. खरं लिहायचं तर गोड वाटलं.

४

"तात्या, नवा इन्व्हर्टर घेतला व्हय?" नागूबाई कुंपणावरून म्हणाली. मी तार गुंडाळत होतो. दिवस दहा मार्चचा.

"न्हाय. का?"

"मग लाईट नसताना मागनं घुरघुर कशाची येती? फुस्स... टक्. फुस्स... टक्. म्या म्हणलं, आपण हितं चटणी वाटायला लाईटीची वाट बघत बसलो, अन् तात्यांनी गुपचूप घेतला. एक वायर आमच्या मिक्सरला द्या की."

"कबुतरं असतील."

"कबुतरं टक् करत्यात व्हय?" ती हसली. मग तिचं तिलाच काही आठवलं असावं. हसू थांबलं. पदर सावरून ती आत गेली.

आक्काचं मशीन मी गेल्या वर्षीच सरकारी दवाखान्याला देऊन टाकलं आहे.

त्या रविवारी जादा रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं झालं होतं. बाज आडवी होती आणि तिच्या उशाशी मशीन होतं. पुढच्या आठवड्यात सोळा मिनिटं. बाजेवर वाकळ होती आणि वाकळीखाली कोणीतरी होतं, कारण वाकळ वर व्हायची, खाली व्हायची. तोंड भिंतीकडं. मशीनचा हिरवा दिवा मात्र लागलेला नव्हता.

बावीस तारखेला एकोणतीस मिनिटं. वाकळ आता लवकर लवकर वर-खाली होत होती.

मी डायरीत फक्त मिनिटं लिहिली. चार, नऊ, सोळा, एकोणतीस. आकडे कुठं चालले आहेत हे कळायला शाळा लागत नाही.

५

मी भ्यालो होतो, पण गोंधळलो नव्हतो. डोक्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या.

पहिली मी डायरीत लिहिली: कॅमेऱ्यांना बॅकअप द्यायचा. लाईट गेल्यावरही खरं रेकॉर्डिंग चालू राहिलं, तर दुसऱ्या कशाला तिथं जागा उरणार नाही.

दुसरी लिहिली नाही. आक्का कोणासाठी आली आहे, हे मला ठाऊक होतं. तिला पायांनी त्याच्यापर्यंत जाता येत नसेल, तर त्याला तिच्यापर्यंत आणणं माझ्या हातात होतं.

मी बलभीमच्या दुकानात गेलो. तो एकटाच बसला होता. फळ्या निम्म्या रिकाम्या.

"तात्या?" तो उठला नाही. "वाट चुकलात का?"

"कॅमेऱ्याला बॅकअप पायजे."

"माझ्याकडनं? माझ्या बॅटऱ्या मेलेल्या असत्यात म्हणं. अख्खं भूम म्हणतंय."

धंद्याची सवय त्याला सोडवेना. "कॅमेरे किती?"

"चार. अन् डबा, राऊटर."

"म्हंजे तीस वॅटच्या आत. त्याला मोठा इन्व्हर्टर नगं. इन्व्हर्टर बॅटरीच्या बाराचे दोनशे तीस व्होल्ट करणार, अन् तुमचा अडॉप्टर दोनशे तीसचे पुन्हा बारा. मधल्यामधी बॅटरी खाऊन टाकणार. वर पाणी घालायची कटकट. काम्प्युटरचा यूपीएस घ्याल तर वीस मिनिटांत टी टी करून झोपतो." त्यानं खालच्या फळीवरून पुस्तकाएवढा डबा काढला. "ह्यो घ्या. लिथियमचा. बारा व्होल्ट सरळ कॅमेऱ्याला. चार तास बघायला नगं."

"लावून तूच द्यायचा."

"वायरी तर तुमाला माझ्याहून चांगल्या जोडता येत्यात."

"तूच."

"डबा आक्काच्या खोलीत हाय का?"

"व्हय."

त्याचा हात त्या यूपीएसवर तसाच राहिला. "मातीला येऊ दिलं न्हाईत तुमी मला. तिनं माझं पण डोकं विंचरलंय तात्या, ल्हान असताना." मग म्हणाला, "येतो. सव्वीसला येतो. तुमच्यासाठी न्हाय."

६

सव्वीस मार्चला तो साडेअकराला आला. चप्पल दाराबाहेर काढली, आक्काच्या उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मी त्याला स्टूल दिलं. खोलीत दुसरं काही नव्हतं. उभी बाज, फळीवरचा डबा आणि भिंतीवर एकाखाली एक दोन सॉकेट.

आधी त्यानं यूपीएस डब्याला आणि खोलीतल्या कॅमेऱ्याला जोडला. बरोबर अकरा चाळीसला पंखा थांबला.

"जोडला तेवढ्यात गेली बघा," तो म्हणाला. "डबा चालू हाय. बघा, दिवा."

"तू उरकून घे. मी दुकानात हाय," असं म्हणून मी बाहेर आलो, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. हळू घातली.

दुकानात गेलो नाही. दाराला कान लावून उभा राहिलो. पत्रा तापून तडतडत होता. आत पेचकस फिरल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग तो आवाज आला.

फुस्स... टक्.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो सगळा भीतीचा नव्हता. आक्का, मी मनात म्हणालो, आणून दिलाय. घे.

मी घड्याळाकडं पाहत होतो. वीस मिनिटं, तीस. आतून हाक आली नाही, दारावर थाप आली नाही. छत्तीस. सदतीस. बारा अठराला दुकानातला पंखा सुरू झाला. मी कडी काढली.

७

बलभीम फरशीवर मांडी घालून बसला होता, मुठीत स्क्रू धरून. त्याला काही झालेलं नव्हतं.

"कडी घातली होती तुमी," तो म्हणाला.

"वाऱ्यानं लागली असंल."

"वाऱ्यानं दार लागतं, तात्या. कडी न्हाय लागत." त्यानं मान हलवली. "हिकडं या. बोट द्या."

"कशाला?"

"द्या म्हणतो ना."

त्यानं मला बोट थुंकीनं ओलं करायला लावलं आणि ते वरच्या सॉकेटवरच्या लाल टिकल्यावर घासलं. काही झालं नाही. मग खालच्या सॉकेटच्या टिकल्यावर घासलं. बोट लाल झालं.

"वरचा ऑइलपेंट. खालचं कुंकू," तो म्हणाला. "लाईट नव्हती तवर दोन्ही वायरी भिंतीवरनं कुठं जात्यात ते बघितलं. वरची इन्व्हर्टरच्या जागेला जाती. खालची सरळ मीटरला."

इन्व्हर्टरच्या सॉकेटला लाल टिकला लावायची पद्धत माझीच. आणि खंडेनवमीला पक्कड, टेस्टर, मशिनी आणि घरातल्या सगळ्या बोर्डांना कुंकू लावायचं, तेही मीच. गेल्या दसऱ्याला सुतकाचं वर्ष म्हणून काही पुजलं नव्हतं. ते कुंकू त्याच्या आदल्या वर्षीचं होतं.

"आक्काची पिन कुठं होती त्या दिवशी?" बलभीमनं विचारलं.

त्याचं उत्तर आता लिहितो. त्याच्या आदल्या आठवड्यात लाईट नसताना माझ्या दुकानातली तार चोरीला गेली होती आणि कॅमेरे बंद होते. म्हणून त्या सकाळी मी आक्काची पिन वरच्या सॉकेटातून काढून खालच्यात घातली आणि वरच्यात कॅमेऱ्याची लावली. दोन्हींवर लाल होतं. आक्का मला म्हणाली, "कोंड्या, तिथं नगं. तिथं लाईट गेली की पंखा बंद पडतो." मी म्हणालो, "तुला कळतंय का मला? गप पड." बार्शीची गाडी गाठायची होती.

लोकांना मी सांगितलं की लाईट गेल्यावर कॅमेराही बंद पडला. तो बंद पडला नव्हता. अडतीस मिनिटं त्यानं सगळं टिपलं होतं. ते मी त्याच संध्याकाळी न पाहता पुसलं. रेकॉर्डिंग आहे म्हणजे बॅटरी चालू होती, हा हिशेब मला करता येत नव्हता असं नाही. मी तो केला नाही.

बलभीमनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला उत्तर मिळालं.

"मी गावात सांगणार न्हाय," तो म्हणाला. "सांगून माझं शटर वर जातंय व्हय? तुमी जित्ते ऱ्हावा. बॅकअप चांगला लावलाय. आता लाईट गेली तरी कॅमेरा बंद पडायचा न्हाय. बघत बसा."

चप्पल घालताना तो थांबला. "एक मातर बरं केलंत. पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता कोपऱ्यात. लई गार होतं पाणी."

मी त्या खोलीत तांब्या ठेवला नव्हता.

८

तो गेल्यावर मी दिवसाच रेकॉर्डिंग लावलं. दुकान उघडं होतं, रस्त्यावर माणसं होती.

सगळं जसं असायला हवं तसं होतं. बाज भिंतीला उभी, बलभीम स्टुलावर, मग फरशीवर. अकरा चाळीसनंतर चित्र जरासुद्धा हललं नाही. खऱ्या रेकॉर्डिंगनं जागा भरून काढली होती. मला हायसं वाटायला लागलं होतं.

बारा दहाला बलभीमनं, वायरीवरची नजर न काढता, कोपऱ्याकडं हात केला. घरात काम करताना आपण असाच हात करतो, पाणी देणारं कोणीतरी आहे हे धरून. चित्राच्या कडेबाहेरून तांब्या पुढं आला. तो धरलेला हात मनगटापर्यंत दिसला. हिरव्या बांगड्या. बलभीमनं वर न बघताच तांब्या घेतला, घटाघट प्याला आणि परत दिला.

मी चित्र थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं.

बारा सतराला चित्राच्या उजव्या कडेला, दारापाशी, लुगड्याचा काठ आला. बलभीमकडं त्या बाईची पाठ होती. ती दाराला चिकटून, मान एका बाजूला कलती करून उभी होती. दाराला कान लावून.

त्याच फळीला पलीकडून मी कान लावला होता. दोघांच्या मध्ये बोटभर लाकूड होतं.

९

आज सत्तावीस मार्च. मी घर सोडून जायचं ठरवलं होतं. पण डबा सोबत न्यायचा होता. तो बलभीमच्या हाती लागू नये, कोणाच्याच लागू नये. साडेअकराला खोलीत आलो, स्टुलावर चढलो आणि पहिला स्क्रू सैल केला. डायरी खिशात होती, ती नेहमी असते.

अकरा चाळीसला पंखा थांबला. मागं दार लागलं. मग कडी.

बलभीमच असेल असं वाटलं. त्याचा हक्क होता. मी ओरडलो, शिव्या दिल्या, मग गयावया केली. मोबाईलवर अंगणातला कॅमेरा लावला. राऊटर बॅकअपवर आहे, चित्र स्वच्छ येतं. अंगणात कोणी नाही. दारापाशी कोणी नाही. कडी लागलेली दिसते. नागूबाईला फोन लावतो, वाजतो, पलीकडून फक्त फुस्स ऐकू येतं आणि टक्.

बारा अठरा झाले. नागूबाईचा मिक्सर सुरू झाला. रस्त्यावर कोणाचा तरी टीव्ही लागला. दुकानातला पंखा फिरतोय, भिंतीतून ऐकू येतो. सगळीकडं लाईट आली आहे.

ह्या खोलीत आलेली नाही.

आता बारा पंचेचाळीस. श्वास वरच्या वर राहतो, म्हणून अक्षर असं येतंय. मोबाईलवर ह्या खोलीचं चित्र आहे. त्यात मी फरशीवर बसलोय, मांडीवर डायरी. माझ्या मागं बाज आडवी आहे. वळून पाहिलं तर उभीच. पुन्हा वळायचं नाही असं ठरवलंय.

घसा कोरडा पडलाय. आत्ता पाहिलं तर माझ्या उजव्या हाताशी तांब्या आहे. मोबाईलमध्ये नाही, इथं, फरशीवर. मी तो उचलला.

हलका लागला.

डाव्या पानावर लिहिलंय, लाईट गेली अकरा चाळीस. उजवं पान कोरं आहे. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे. चार तास बघायला नको, असं बलभीम म्हणाला होता.